खालच्याने वरच्याची पाटी टांगावी

क्रम लावणे हे मोठे जोखमीचे काम आहे. ज्याला वर ठेवावे त्याच्या ठायी गर्व उपजतो, ज्याला खाली ठेवावे त्याच्या ठायी खंत उपजते, आणि क्रम लावणारा दोघांच्याही दृष्टीने अपुराच ठरतो. तरीही माणसे क्रम लावल्यावाचून राहत नाहीत. मग तो असा लावावा, की वरच्याला नम्र व्हावेसे वाटेल आणि खालच्याची मान ताठ राहील. असे घडू शकते का? मित्रांनो, मी ते घडताना पाहिले आहे, म्हणूनच आज तुमच्याशी बोलण्याचे धाडस करतो आहे.

मी लाकडाचा फळा आहे, वृद्ध आहे, आणि माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत सहा पितळी हुक आहेत. सौदी अरेबियात, दम्माम आणि धाहरान यांच्या मध्ये एक इस्तिराहा आहे. सुट्टीच्या दिवशी कुटुंबांना घटकाभर विसावता यावे, म्हणून भाड्याने मिळणारी ती एक कुंपणाची बाग. तिथे खजुराची झाडे आहेत, एक ओसरी आहे, आणि ओसरीसमोर हिरव्या गालिच्यासारखे फुटबॉलचे मैदान आहे. त्या ओसरीच्या भिंतीवर माझा निवास.

माझे जन्मस्थान मात्र फार दूरचे. बर्फाळ प्रदेशातील एका सूचिपर्णी वृक्षाचे मी खोड होतो. मला कापून एका अवजड यंत्राची पेटी बनवण्यात आली, आणि समुद्र ओलांडून मी दम्मामच्या बंदरात उतरलो. यंत्र कारखान्यात गेले. मी गोदामाच्या मागे उन्हात पडलो. पेटीचे जीवन इतकेच असते, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

त्या गोदामाची व्यवस्था कादिर नावाचे गृहस्थ पाहत. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे ते राहणारे. रत्नागिरीच्या कॉलेजात असताना त्यांनी गोल राखला होता, आणि वाळवंटात आल्यावरही त्यांचे हात चेंडूसाठी शिवशिवत. त्यांचे स्नेही बाळकृष्ण, पुण्याचे अभियंते, तेल कंपनीत होते. खेळात बेताचे, पण नियमात पक्के. या दोघांनी इथल्या मराठी तरुणांना गोळा केले. ज्याने ज्या गावच्या कॉलेजात शिक्षण घेतले, त्याने त्या गावच्या संघातून खेळावे, असे ठरले. रत्नागिरी, पुणे, मुंबई, महाड, चिपळूण आणि नाशिक असे सहा संघ उभे राहिले.

मग कादिरभाईंनी मला उन्हातून उचलले आणि पेटी मोडून माझा फळा केला. रंध्याने माझे खडबडीत अंग गुळगुळीत झाले. बाळकृष्णांनी मोजमाप करून हुक बसवले. कादिरभाईंच्या पत्नी सुरैया यांनी सहा लहान पाट्यांवर निळ्या रंगाने गावांची नावे रेखली. त्यांचे अक्षर इतके देखणे, की 'चिपळूण'मधला ण पाहण्यासाठी लोक थांबत.

पहिल्याच वर्षी क्रम लावण्यावरून भांडण पेटले. जिंकलेला संघ नाचत आला, आपली पाटी सर्वांत वर टांगू लागला, आणि शेवटच्या संघातील कोणीतरी ती हिसकावली. तेव्हा बाळकृष्णांनी एक रीत घालून दिली. आपली पाटी आपण टांगायची नाही. खालच्याने वरच्याची पाटी टांगावी. टांगताना, त्या संघात या हंगामात आपण स्वतः पाहिलेली एक चांगली गोष्ट सर्वांसमोर सांगावी. ऐकलेली नव्हे, पाहिलेली. आणि जो सर्वांत शेवटी, त्याची पाटी विजेत्याने टांगावी. पाटी टांगली जाण्याआधी कर्णधाराला आपला गोल किंवा दावा मागे घेता येईल, हेही ठरले.

मित्रांनो, या रीतीने माझे आयुष्य धन्य केले. दर वर्षी हंगामाच्या अखेरीस मोठमोठे दांडगे पुरुष माझ्यासमोर उभे राहून, ज्यांच्याकडून हरले त्यांची स्तुती करताना मी पाहिले आहेत. आरंभी ते ओशाळतात, घसा खाकरतात, आणि मग बोलू लागतात. लाकडाला आसवे नसतात, नाहीतर ती ओघळली असती.

पण मानाचे दिवस अखंड राहत नाहीत. जगभर रोगाची साथ आली. मैदानाला कुलूप लागले. शमालचा उत्तरेकडचा वारा मूठमूठ वाळू आणून माझ्या अंगावर घाशी. कोणीतरी मला भिंतीवरून काढून पाण्याच्या टाकीमागे टाकले. पुढे बाग उघडली, तेव्हा एका मेजवानीच्या आचाऱ्याने भाताचा तापलेला टोप ठेवायला मलाच घेतले. त्या टोपाचे काळे वर्तुळ आजही माझ्या छातीवर आहे. सुरैयांनी ते पाहिले आणि त्यांचा संताप अनावर झाला.

"ऐकलंत का, इकडे या! सहा कॉलेजांची इज्जत, आणि तिच्यावर टोप ठेवलाय भाताचा!"

कादिरभाई म्हणाले, "अगं, भात तरी चांगला होता का विचार."

"तुम्हाला चेष्टा सुचते. जवसाचं तेल आणा आधी."

त्यांनी मला धुतले, घासले, तेल पाजले. माझ्या भेगा बुजल्या नाहीत, पण मी पुन्हा उभा राहिलो.

आता या वर्षाच्या हंगामाकडे वळतो. हवा निवू लागली तेव्हा सामने सुरू झाले आणि रमजानच्या आधी संपायचे होते. या वेळी एक नवी गोष्ट होती. कोल्हापूरचे बरेच तरुण नोकरीसाठी या भागात आले होते. फुटबॉल म्हणजे काय हे कोल्हापूरला सांगावे लागत नाही. त्यांनी संघ मागितला. परंतु मैदान फक्त शुक्रवारी मिळे, आणि सहांपेक्षा अधिक संघांना तेवढ्या वेळात जागा नव्हती. शेवटी सर्वांनी मिळून ठरवले, की या हंगामात जो सहावा येईल त्याची पाटी उतरेल, त्याला पुढचा हंगाम बाहेर बसावे लागेल, आणि त्याचा हुक कोल्हापूरला मिळेल.

त्या दिवसापासून खालच्या हुकाकडे लोक भीतीने पाहू लागले.

वरच्या हुकांची चिंता नव्हती. महाडचा संघ पहिल्यापासून वाऱ्यासारखा खेळला. त्यांचा कर्णधार नौशाद तोंडाळ आणि खेळकर. प्रतिस्पर्ध्याला चुकवतानाही त्याची बडबड चालू असे. मुंबईचे खेळाडू चपळ, पण एकमेकांवर खेकसणारे. पुण्याचा संघ संयमी. हरतानाही आखलेल्या चाली सोडत नसे. चिपळूणकर चिखलात खेळल्यासारखे जोर लावून खेळत, इथे चिखलाचा थेंब नसतानाही. पाचव्या आणि सहाव्या जागेसाठी मात्र रत्नागिरी आणि नाशिक यांच्यात झुंज होती.

नाशिकचा कर्णधार जयदीप हा पेट्रोकेमिकल कारखान्यात काम करणारा तरुण अभियंता. त्याच्या संघातले बहुतेक जण एकाच इमारतीत राहत, आणि शुक्रवारचा खेळ हाच त्यांचा आठवड्यातला एकमेव उत्सव होता. कादिरभाईंची गोष्ट वेगळी. त्यांचे इथले दिवस संपत आले होते. कायमचे मायदेशी परतण्याचा खुरूजचा शिक्का त्यांच्या पासपोर्टवर लागणार होता. पन्नाशी ओलांडूनही ते रत्नागिरीचे कर्णधार म्हणून गोलात उभे राहत. त्यांची एकच इच्छा होती, आपण जाताना रत्नागिरीची पाटी भिंतीवर असावी.

शेवटचा सामना नेमका याच दोन संघांचा आला. रत्नागिरी एका गुणाने पुढे होती. सामना बरोबरीत सुटला तरी तिला पुरेसे होते. नाशिकला जिंकणेच भाग होते.

खेळ रंगला. कोणाचाही गोल होईना. सूर्य मावळला आणि मगरिबची अजान झाली. आमच्याकडे अशी रीत आहे, की अजान होताच खेळ थांबतो. चेंडू जिथे असेल तिथेच राहतो, त्याला कोणी शिवत नाही. ज्यांना नमाज पढायची ते ओसरीवर, माझ्याच समोर, चटया अंथरतात. बाकीचे पाणी पितात, हळू बोलतात. सर्व परतल्यावर पंच शिट्टी वाजवतात. त्या दिवशी पंच बाळकृष्ण होते.

कादिरभाई हातमोजे काढत ओसरीवर आले. जयदीप तिथेच पाणी पीत होता.

"जयदीप, पोरं फर्ज पढून लगेच येतील," ते म्हणाले. "मी सुन्नत पण पढून येतो. तेवढं साहेबांना सांग बाबा, माझ्याशिवाय चालू करू नका म्हणावं."

"सांगतो, भाई. तुम्ही या निवांत."

हे बोलणे त्या दोघांखेरीज फक्त मी ऐकले.

फर्ज, म्हणजे नमाजाचा सक्तीचा भाग, आटोपली. तरुण मुले उठून मैदानाकडे धावली. सुन्नतचा ऐच्छिक भाग पढायला कादिरभाई एकटेच चटईवर राहिले. मैदानाच्या या बाजूचे दिवे नुकतेच लागले होते आणि त्यांचा झोत बाळकृष्णांच्या चष्म्यावर येत होता. मुलांची रांग परतलेली पाहून सगळे आले, असे त्यांना वाटले. त्यांनी जयदीपकडे पाहून विचारले, "चालू करू या?"

जयदीपने ओसरीकडे पाहिले. कादिरभाईंचे कपाळ तेव्हा जमिनीला टेकलेले होते. मग त्याने समोरच्या रिकाम्या गोलाकडे पाहिले.

तो काहीच बोलला नाही. शिट्टी वाजली. चेंडू त्याच्या पायाशी होता. त्याने दुरूनच फटका मारला, आणि चेंडू संथपणे घरंगळत जाळीत शिरला.

रत्नागिरीची मुले बाळकृष्णांकडे धावत ओरडली, "काका, गोली कुठंय? बघा तरी! कादिरभाई आलेच नाहीत!"

कादिरभाई बूट हातात घेऊन धावत येत होते. त्यांनी जाळीतला चेंडू पाहिला, मुलांचे रागावलेले चेहरे पाहिले, आणि एकदा जयदीपकडे पाहिले. जयदीप खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. ती सुटलेली नव्हती.

"शिट्टी झाली ना?" कादिरभाई म्हणाले. "झाली. मग उशीर माझा. खलास. यल्ला, बॉल मध्ये आणा."

त्या एकाच गोलाने नाशिक जिंकले. रत्नागिरी सहावी आली.

मित्रांनो, लाकडाला वाणी नसते याचे मला त्या संध्याकाळी प्रथमच दुःख झाले. पण आज वाटते, मला वाणी नव्हती तेच बरे झाले. मी बोललो असतो, तर जे पुढे घडले ते घडले नसते.

पुढच्या शुक्रवारी, असरच्या नमाजानंतर, दुपारच्या उतरत्या उन्हात सर्व संघ ओसरीसमोर जमले. बायकामुले आली होती. सुरैयांनी घावन केले होते. सहा पाट्या मेजावर मांडल्या होत्या आणि माझे सहाही हुक मोकळे होते. बाळकृष्ण हंगामाविषयी थोडके बोलले, आणि क्रम लागू लागला.

दुसऱ्या आलेल्या मुंबईच्या कर्णधाराने महाडची पाटी उचलली. "नौशाद मैदानात तोंड बंद ठेवत नाही," तो म्हणाला. "पण आमचा एक जण पडला, तेव्हा समोर मोकळा गोल असून यानं बॉल बाहेर मारला. हे मी पाहिलं."

"तोंड चालूच होतं तेव्हाही!" मागून कोणीतरी ओरडले.

"त्याला शिव्याच घालत होतो, पडला म्हणून," नौशाद म्हणाला, आणि हशा उसळला.

पुण्याने मुंबईची पाटी टांगली. चिपळूणने पुण्याची. चिपळूणच्या धिप्पाड कर्णधाराने सांगितले, की हरल्यावर पुणेकर आधी मैदानावरच्या रिकाम्या बाटल्या उचलतात आणि मगच आपसात भांडतात. चिपळूणची पाटी टांगायला जयदीप आला. तो दोन वाक्ये बोलला, पण पाटीची दोरी माझ्या हुकात अडकवायला त्याला तीन खेपा लागल्या.

मग कादिरभाई उठले. त्यांना नाशिकची पाटी टांगायची होती. हे आता काय बोलणार, असा प्रश्न प्रत्येकाच्या मुद्रेवर होता. पाहिलेली चांगली गोष्ट सांगायची होती. आणि ज्याच्या गोलामुळे आपली पाटी उतरणार, त्याच्याविषयी सांगायची होती.

"नोव्हेंबरात आमच्या एका पोराचा पाय मोडला," कादिरभाई म्हणाले. "मला गाडी चालवता येत नव्हतं, माझा खांदा उतरला होता. नाशिकची मॅच सुरू होणार होती. हा जयदीप बूट घालून तयार. त्यानं बूट काढले, पोराला नि मला गाडीत घातलं नि हॉस्पिटलात नेलं. तिथं अरबीत बोलला, इकामाचं ओळखपत्र दाखवलं, प्लास्टर होईपर्यंत बसून राहिला. इकडे याचा संघ कॅप्टनशिवाय हरला. ती मॅच हा खेळला असता, तर आज पाटी वरच्या हुकावर असती. पोराचा पाय आता बरा हाय. तो बघा, घावनं चापतोय."

लोक हसले. कादिरभाईंनी पाटी उचलून माझ्या पाचव्या हुकाकडे नेली.

"भाई, थांबा. टांगू नका."

जयदीप उभा राहिला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"त्या दिवशी भाईंनी मला सांगितलं होतं, साहेबांना थांबायला सांग म्हणून. मी 'सांगतो' म्हणालो होतो. काकांनी मला विचारलंसुद्धा. मी गप्प राहिलो. भाई नमाजात आहेत हे मला दिसत होतं." तो रत्नागिरीच्या मुलांकडे वळला. "तो गोल नाही. मी मागे घेतो."

त्याच्या संघातला एक जण ताडकन उठला. "जयद्या, डोकं फिरलं का तुझं? आपली पाटी जाईल! वर्षभर काय करायचं आम्ही, रूमवर बसून?"

बाळकृष्णांनी चष्मा काढून हातात घेतला होता. "शिट्टी माझी होती," ते म्हणाले. "चूक माझीही आहे. पण निकाल लागून गेला, जयदीप. आता मला तो फिरवता येत नाही."

"तुम्ही नका फिरवू, काका. पाटी टांगायच्या आधी कॅप्टनला माघार घेता येते, हे तुम्हीच दर वर्षी सांगता. मी घेतो."

बाळकृष्णांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि मान डोलावली.

आता कादिरभाई रागावले. खरोखर रागावले. "अरे मेल्या, मी चाललो गावाला! रत्नागिरीची पाटी इथं राहिली काय नि उतरली काय, मी काय ती बघायला येणारे? तुझी पोरं इथंच राहणार हायत. त्यांचा तरी विचार कर!"

"त्यांचाच करतोय, भाई. ती इथं राहणार आहेत, म्हणूनच. दर शुक्रवारी त्यांना या फळ्याखालून मैदानात जायचंय."

जो मघाशी उठला होता, तो जयदीपचा मित्र, हळूच खाली बसला. मग तोच पुन्हा उठला, मेजाजवळ गेला, आणि रत्नागिरीची पाटी उचलून जयदीपच्या हातात देऊन आला.

खालच्याने वरच्याची पाटी टांगावी. आता नाशिक सहावे होते. जयदीप माझ्यासमोर आला. अनेक वर्षे मी माणसांचे चेहरे इतक्या जवळून पाहत आलो आहे, पण इतका मोकळा चेहरा मी पाहिला नव्हता.

"भाईंना सगळं माहीत होतं," तो म्हणाला. "त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मलाही विचारलं नाही. आणि आज माझ्याबद्दल चांगलं बोलले, तेही खरं बोलले. हे मी पाहिलं."

पाचव्या हुकात दोरी अडकली. या वेळी एकाच खेपेत.

उरली नाशिकची पाटी. ती विजेत्याने टांगायची. नौशाद पुढे आला. आता काहीतरी फटकेबाज ऐकायला मिळणार म्हणून मुले पुढे सरकली. त्याने पाटी टांगली, तिच्यावरची वाळू बोटाने पुसली, आणि तोंड उघडून पुन्हा मिटले.

"आज माझ्याकडे काही नाही," तो म्हणाला. "जे पाहिलं ते तुम्हीही पाहिलंत."

ठरल्याप्रमाणे सूर्यास्तापूर्वी शेवटची पाटी उतरवायची होती. ती कादिरभाईंनी उतरवली आणि जयदीपकडे दिली. "घरात टांग," ते म्हणाले. "झाकून ठेवू नको. कुणी विचारलं, की ही भिंतीवरनं का उतरली, तर सांग. लाजायचं काय त्यात?"

जयदीप त्यांच्या पाया पडायला वाकला. कादिरभाईंनी त्याला मध्येच धरून छातीशी घेतले. कोल्हापूरचे तरुण कुंपणापाशी उभे होते. त्यांना हुक मिळाला होता, पण एकानेही जल्लोष केला नाही. त्यांचा कर्णधार आत आला आणि जयदीपला म्हणाला, "तुमची पोरं शुक्रवारी आमच्याबरोबर सरावाला येत्यात. विचारत न्हाई, सांगतोय."

कादिरभाई आणि सुरैया त्यानंतर काही दिवसांनी मायदेशी परतले.

मी अजून इथे आहे. माझ्या भेगा वाढत आहेत, वरचा एक हुक सैल झाला आहे, आणि आता तेल पाजणारे हात दूर गेले आहेत. मित्रांनो, तुमच्याही शाळेत, अंगणात, मैदानाच्या भिंतीवर असा एखादा जुना फळा असेल, ज्यावर कोणाचे तरी नाव वर आणि कोणाचे तरी खाली लिहिलेले असेल. त्याला उन्हात टाकू नका, त्याच्यावर तापली भांडी ठेवू नका. वर्षातून एकदा त्याला पुसा. आणि पुसताना सर्वांत वरच्या नावावर थांबू नका, खालपर्यंत वाचत जा. माणसांचे मोठेपण कोणत्या ओळीत असते, हे मी जन्मभर हुक अंगावर वागवूनही आधी ओळखू शकलो नाही.

ज्याने रिकाम्या गोलात चेंडू मारला आणि तो परत घेतला, त्याचे कल्याण असो. ज्याने जाणूनही दोष उच्चारला नाही, त्याच्या खाडीकाठच्या घरी शांती नांदो. ज्यांची पाटी उतरली त्या मुलांचे पाय बळकट राहोत. आणि जे नव्याने येत आहेत, त्यांच्या मनी खालच्या जागेविषयी आदर राहो.